वास्तुशांत अक्षय तृतीयेला, पण घर तोवर कितपत होईल?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज असेल तर तिथेच कळेल. वाई तालुक्यात गावी घर चाललंय, खाली तीन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि गच्ची. तुम्ही पुण्याला, साइटवर वडील. आतलं प्लास्टर संपलंय, शेवटच्या खोलीचं पंधरा दिवसांपूर्वी. बाहेरून दोन बाजू झाल्यात; मागची आणि पश्चिमेची राहिलीय. वायरिंगच्या नळ्या आणि पाण्याचे पाइप भिंतीत गेलेत. अक्षय तृतीयेला दहा आठवडे उरलेत आणि गुरुजींना शब्द देऊन झालाय. ठेकेदार म्हणतो सगळं होतंय. रंगारी म्हणतो उद्यापासून पुट्टी (रंगाखालचा गुळगुळीत थर) लावतो. फरशीवाला म्हणतो आधी रंग उरका, मग मी येतो. यांतल्या कोणाचं ऐकायचं, आणि अजून पैसे किती लागणार?

कोणाचंच ऐकू नका. तिघेही आपापली मोकळी तारीख सांगताहेत, घराची गरज कोणीच सांगत नाहीये. वास्तुशांत त्याच दिवशी करा, ती होईल. पण त्या दिवशी घर पूर्ण झालेलं नसेल, आणि ते तसं नसलेलंच बरं. सातारा-सांगली भागात सत्तावीस वर्षं घरं बांधतोय. फिनिशिंगमध्ये जी कामं बिघडताना पाहिली, त्यांतली बहुतेक ओलं काम संपायच्या आत कोरडं काम सुरू केल्यामुळे बिघडली. प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या मसाल्याचा थर), टाइल, फरशी ही ओली कामं. पुट्टी, रंग, दारांच्या फळ्या, फर्निचर ही कोरडी. मधली रेघ ओलांडायची घाई झाली की घर तिथेच फसतं.

हे मी दुसऱ्याच्या घरावर नाही, स्वतःच्या घरावर शिकलो. दसऱ्याला गृहप्रवेश ठरवला होता आणि हॉलचं प्लास्टर पाऊस लांबल्यामुळे उशिरा झालं. अकराव्या दिवशी मीच रंगाऱ्याला म्हटलं, लाव पुट्टी. भिंत हाताला कोरडी लागत होती. दिवाळीच्या आत देवघराच्या मागच्या भिंतीवर फुगे आले, मग त्यांचे पोपडे सुटायला लागले. वडील रोज सकाळी पूजेला बसले की नखाने एक पोपडा काढायचे आणि माझ्याकडे बघायचे. बोलायचे काही नाहीत. शेवटी उन्हाळ्यात सगळी भिंत खरवडून पुन्हा केली.

म्हणून हाताला कोरडं लागतं यावर जाऊ नका. दीड-दोन फुटांचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन घ्या आणि चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. चोवीस तासांनी बघा. आतून दव धरलं असेल किंवा तेवढाच भाग काळपट दिसत असेल, तर भिंत अजून पाणी सोडतेय. ही परीक्षा न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर करा. छातीच्या उंचीवर भिंत लवकर सुकते, ती फसवते. नव्या प्लास्टरला पाणी मारणं थांबवल्यापासून निदान चार आठवडे मोकळे द्यायचे, असा माझा हिशेब आहे.

आता फरशीवाल्याचं म्हणणं. त्याला रंग आधी हवाय, कारण रंगाचे थेंब पडून फरशी खराब झाली तर बोलणी त्याला बसतात. पण फरशी बसवताना खाली ओला मसाला पडतो, भिंतीचा खालचा फूटभर भाग पुन्हा ओला होतो, स्कर्टिंगसाठी, म्हणजे भिंतीच्या तळाशी लागणाऱ्या पट्टीसाठी, कटर चालतो आणि सिमेंटची धूळ सगळीकडे बसते. रंगवलेल्या भिंतीची त्यात पार वाट लागते. फरशी आधी. ती झाली की वर प्लास्टिक अंथरून पीओपीचा पातळ थर ओढायचा, त्यावर रंगाऱ्याची शिडी खुशाल फिरू द्या. हा थर वाचवायचा खर्च नाही.

पण या सगळ्याच्या आधी एक काम करून घ्या. अर्ध्या दिवसाचं आहे आणि बहुतेक ठिकाणी ते कोणी करत नाही. अख्ख्या घरात लेव्हलची रेघ मारून घ्या. लेझर असेल तर उत्तम. नसेल तर पाण्याची पारदर्शक नळी घेऊन जुना गवंडी मारतो तशी. मुख्य दाराच्या उंबऱ्यापाशी पक्की फरशी कुठे येणार ते ठरवा, तिथून वर बरोबर तीन फुटांवर खूण करा आणि ती खूण नळीने खोल्याखोल्यांतून फिरवा. नीळ लावलेली दोरी ताणून झटकली की भिंतीवर निळी रेघ उठते. मग ओट्याची उंची, बेसिन, स्विचबोर्ड, दाराची फळी, सगळं त्या रेघेपासून मोजायचं. खालच्या काँक्रीटपासून मोजलं तर हमखास चुकतं, कारण मसाला आणि टाइल मिळून दोन-अडीच इंच चढतात आणि ते प्रत्येक खोलीत सारखे चढत नाहीत. न्हाणीघराची फरशी खोलीपेक्षा अर्धा ते एक इंच खाली हवी. रेघ नसेल तर शेवटी फरशीवाला हे अंदाजाने करतो आणि आंघोळीचं पाणी झोपायच्या खोलीत येतं.

तुमच्या घरात खरा जीव गुंतलाय तो वरच्या दोन न्हाणीघरांत. खाली हॉल आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे गळती झाली तर पाहुण्यांच्या डोक्यावर. म्हणून तिथे घाई चालणार नाही.

आधी पाइप. भिंतीत गेले असले तरी टाइल लागेपर्यंत चाचणी करता येते. सगळी तोंडं बुचांनी बंद करून हातपंपाने लाइनमध्ये दाब भरायचा आणि मीटरचा काटा कुठे आहे ते संध्याकाळी लिहून ठेवायचं. सकाळी काटा तिथेच असला पाहिजे. रात्रीच्या गारव्याने केसभर सरकला तर ठीक, पण निम्म्यावर आला असेल तर कुठेतरी जोड सुटलाय, आणि तो आजच शोधायचा. प्लंबर म्हणेल की मी स्वतः जोडलंय, काही होत नाही. त्याला चहा पाजा आणि पंप लावून घ्या.

मग न्हाणीघराच्या तळाचा खोलगट स्लॅब, म्हणजे फरशीखाली पाइप जायला मुद्दाम खाली ठेवलेला भाग. तिथे वीटकामाचा कचरा, वाळलेला मसाला, बिड्यांची थोटकं असं सगळं पडलेलं असतं. ते खरवडून, धुऊन काढल्याशिवाय कोणतंही केमिकल धरत नाही. संडासाचा पाइप, नहाणी ट्रॅप (जाळीखालचं पाणी जायचं भांडं) जिथे स्लॅबमधून जातात, तिथली भोवतालची फट आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या मसाल्याने) भरायची. गळती स्लॅबच्या मध्यातून क्वचित होते, ती या पाइपांच्या गळ्याशी होते. त्यानंतर वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे, दुसरा पहिल्याला आडवा. तो थर भिंतीवर फूटभर आणि शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत चढवायचा. सुकला की ट्रॅप बंद करून तळात चार इंच पाणी भरायचं, पेन्सिलीने पातळी मारायची आणि तीन दिवस तसंच ठेवायचं. वडिलांना सांगा, रोज खालून हॉलच्या छताकडे टॉर्च मारून बघायचं. वरचं पाणी थोडं आटेल, त्याला घाबरू नका; छतावर काळा डाग दिसला तर मात्र थांबा. हीच चाचणी कोबा झाल्यावर पुन्हा करा. दोन्ही मिळून आठवडा जातो. तुमचा ठेकेदार हाच आठवडा वाचवायला बघेल, कारण तो वाचला तर कोणाला दिसत नाही.

खोलगट भागात भरायला विटांचे स्वच्छ तुकडे वापरा, तोडफोडीचा राडारोडा नको. ढाळ टाइलच्या वेळी काढू असं म्हणतात, तेही ऐकू नका. तो कोब्यातच यायला हवा. टाइल लागल्यावर दारात उभं राहून एक तांब्या पाणी ओता आणि बघत बसा. पाणी जाळीकडे गेलं पाहिजे. कोपऱ्यात थबकलं तर त्याच दिवशी, मसाला ओला असताना, त्या चार टाइल उचलायला लावा. दुसऱ्या दिवशी कोणी उचलत नाही.

टाइलविषयी एक गोष्ट. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे जुन्या सिरॅमिकसारखी ती नुसत्या सिमेंटच्या घोळावर भिंतीला धरत नाही, काही वर्षांत सुटते. भिंतीला अॅडेसिव्हच वापरा, सांध्यात स्पेसर (फट सारखी राखणारे प्लास्टिकचे तुकडे) ठेवा. बसवल्यावर आठवड्याने नाण्याने वाजवून बघा. जी बद्द वाजेल तिच्यावर खडूने फुली मारा.

किती टाइल मागवायच्या असंही विचारलंय. दोन बाय दोनच्या चार टाइलची पेटी असेल तर तिच्यात साधारण साडेपंधरा चौरस फूट बसतात. खालचं क्षेत्र हजार चौरस फूट धरलं तर पासष्ट पेट्या. कापाकापी आणि स्कर्टिंग धरून पंचाहत्तरच्या आसपास मागवा. सगळ्या पेट्यांवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे का, हे टेम्पोतून उतरवतानाच बघा. दोन पेट्या माळ्यावर राखून ठेवा, पाच वर्षांनी ते डिझाइन मिळत नाही.

गच्ची. नुसतं स्लॅबवर केमिकल लावून मोकळं व्हा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिलाय. आपल्याकडच्या उन्हात उघड्यावरचा पातळ थर फार काळ टिकताना मी पाहिलेला नाही. विटांच्या तुकड्यांचा कोबा जड असतो हे खरं, त्याचं वजन स्लॅबच्या डिझाइनमध्ये धरलंय ना हे इंजिनिअरला विचारून घ्या. पण तो ढाळही देतो आणि वरच्या खोल्या थोड्या गारही ठेवतो. दर शंभर फुटांना फूटभर ढाळ पाइपाच्या तोंडाकडे हवा. कठड्याच्या पायथ्याशी काटकोन ठेवायचा नाही, तिथे गोलसर वाटा (मसाल्याची पोटगोल कड) मारायचा. पाणी शिरतं ते त्याच कोपऱ्यातून. कोबा झाला की मातीचे बांध घालून वाफे करायचे आणि आठ-दहा दिवस पाणी साठवून ठेवायचं. आता मार्चचं ऊन आहे, सकाळी भरलेले वाफे संध्याकाळी कोरडे होतात. इथे घरचा माणूस लागतो. बिगारी पाइप फिरवून जातो. तुमचे वडील वाफा भरला की नाही ते बघतील.

कोबा घालायच्या आधी टाकीचा चौथरा, सोलर हीटरचे ठोकळे, रेलिंगचे खांब, डिशचा पाय, सगळं ठरवून बसवून घ्या. नंतर कोणीतरी ड्रिल घेऊन वर जातो आणि पाऊण इंचाच्या भोकातून तुमचा सगळा खर्च खाली गळतो. असं मी तीन घरांत पाहिलंय, तिन्ही वेळा सोलर बसवताना.

बाहेरच्या राहिलेल्या दोन बाजू उद्याच सुरू करा. पश्चिमेची आधी, कारण पावसाचा मार तिथूनच येतो. बीम-कॉलम आणि विटांच्या सांध्यावर जाळी ठोकलीय का, बघा. नसेल तर तिथे सांध्यावरून सरळ भेग येणार म्हणजे येणार. बाहेरचं प्लास्टर दोन थरांत, मिळून वीस मिलिमीटरच्या आसपास. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटायला खाच ठेवायला सांगा. गवंडी विसरतात, आणि मग पाणी छज्ज्याच्या पोटावरून सरपटत खिडकीत येतं. खिडकीच्या ग्रॅनाइट पट्टीलाही बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा.

स्वयंपाकाचा ओटा. पुस्तकी उंची बत्तीस-चौतीस इंच, पण आईला साइटवर बोलवा, कोपर वाकवून उभं राहायला सांगा आणि कोपराच्या चार इंच खाली खूण करा. ओट्याशी तुम्ही नाही, त्या उभ्या राहणार आहेत. मिक्सर, फ्रिज, पाणी शुद्ध करायचं यंत्र यांचे प्लग टाइल लावायच्या आधी खडूने भिंतीवर काढून घ्या. आणि न्हाणीघरं, स्वयंपाकघर यांच्या भिंतींचे टाइल लागायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, बाजूला मोजपट्टी धरून. पुढे खिळा ठोकताना ते फोटो उपयोगी पडतात.

विजेचं थोडक्यात. रंगाच्या आधी वायर ओढून घ्या. प्लास्टरचा मसाला नळीत शिरून बसलेला असेल तर ते आत्ताच कळेल आणि भिंत फोडायची तर आत्ताच फोडता येईल. दिव्यांना दीड, प्लगना अडीच, गीझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटरची वायर. अर्थिंग करताना समोर उभं राहा. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावायला सांगा, त्यावर काटकसर नको. बांधकामासाठी घेतलेलं तात्पुरतं कनेक्शन घरगुती करून घ्यायला महावितरणला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तो तेव्हाच मागून ठेवा. दारांच्या फळ्या आणि खिडक्यांचे सरकते भाग फरशीनंतर. लाकूड ओल्या घरात आणलं की फुगतं.

तर दहा आठवडे असे. पहिले दोन बाहेरच्या प्लास्टरचे आणि न्हाणीघरांच्या पाण्याचे. तिसरा-चौथा गच्चीचा, न्हाणीघरांच्या टाइलचा, ओट्याचा. पाचव्यापासून सातव्यापर्यंत फरशी, आधी खालची. आठव्यात खिडक्या, वायर, आणि प्लास्टिकची परीक्षा पास झालेल्या खोल्यांत पुट्टी. नवव्यात हॉल, स्वयंपाकघर आणि देवघर यांना प्रायमर आणि रंगाचा एक हात. दहावा आठवडा सफाईचा आणि चुकलेल्या कामांचा. वरच्या खोल्यांचा रंग, सगळीकडचा शेवटचा हात, बाहेरचा शेवटचा रंग, कंपाउंडमधले पेव्हर ब्लॉक, हे दसऱ्यानंतर. पश्चिमेच्या भिंतीला मात्र प्लास्टरला महिना झाला की भेगा भरून बाहेरचा प्रायमर आणि एक हात पावसाच्या आत देऊन टाका. ब्लॉकची घाई तर अजिबात नको. जोत्याभोवती भरलेला मुरूम एक पावसाळा बसल्याशिवाय त्यावर काही टाकलं की पुढच्या वर्षी अंगणात खळगे.

पैसे. आकडा मी इथून सांगणार नाही, कारण तुमची टाइल कोणती आणि खिडक्या कोणत्या यावर तो दुप्पट-निम्मा होतो. स्लॅब टाकून झाला की माणसं म्हणतात घर झालं. माझ्या कामांत मात्र तोवर निम्म्याच्या आसपासच खर्च झालेला असतो. आणि जे लोकांच्या कागदावर नसतं त्याची यादी करा: ग्रिल, मच्छरजाळी, गेट, पंप, शोषखड्डा, ड्रेनेजचे चेंबर, मीटरचं डिपॉझिट, पडद्यांच्या दांड्या, वास्तुशांतीचं जेवण. बँकेचा शेवटचा हप्ता बँकेचा माणूस काम पाहून गेल्यावरच सुटतो, तेव्हा तो हातात धरून हिशेब करू नका. भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जाला काय कागद लागतात ते मंजूर नकाशा करून देणाऱ्या इंजिनिअरला आत्ताच विचारा. फरशी, रंग, प्लंबिंग, प्रत्येकाचे दहा टक्के एक पावसाळा होईपर्यंत राखून ठेवा, आणि हे काम सुरू व्हायच्या आधी तोंडावर सांगा, नंतर नाही. प्लास्टर, फरशी ब्रासवर ठरली असेल तर एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट, आणि खिडक्या-दारांची वजावट करायची की नाही हेही तेव्हाच लिहून घ्या. भांडणं तिथेच होतात.

वास्तुशांतीच्या दिवसाची एक सूचना. होम नव्या फरशीवर थेट मांडू नका. खाली दोन-तीन इंच वाळू, त्यावर विटांचा एक थर, मग कुंड. तापलेल्या व्हिट्रिफाइड टाइलला तडा जाताना फटकन आवाज येतो, आणि ऐन पूर्णाहुतीला तो आवाज कोणालाही शुभ वाटत नाही. होमाच्या खोलीतला रंगाचा शेवटचा हात मागे ठेवायचं हेही एक कारण, धूर छताला बसतोच.

त्यानंतर बहुधा महिन्याभरात वळवाचा पाऊस येईल. शक्य असेल तर त्या दिवशी गावी असा. पाऊस पडत असतानाच गच्चीवर जाऊन पाणी कुठे थांबतंय ते बघा. मग पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा, खिडक्यांच्या खालचे कोपरे आणि हॉलचं छत तपासा. ओल दिसली तर तिच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख लिहा. पुढच्या पावसात ओल त्या रेघेबाहेर गेली, तर मला त्या भिंतीचा फोटो पाठवा.